खरशफनं हात वर केला नाही

अल्जीरियातल्या जुरजुरा डोंगराच्या शिखरांवर पहिला बर्फ दिसला, की फरूजा परसातलं खरशफ गुंडाळायला घेई. कमरेएवढी उंच, काटेरी भाजी ती. पानं वर बांधायची, भोवती गोणपाट लपेटायचं, बुडाशी माती ओढायची. तीन आठवडे ऊन लागलं नाही, की कडू दांडे पांढरे, कोवळे होतात. यंदा झाडं बारा आणि गोणपाटं अकरा. बाराव्याला तिनं नवऱ्याचा बुरनूस चढवला. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तो टोपीवाला लोकरी झगा तेव्हापासून खुंटीवर रिकामाच लटकत होता. टोपी ओढल्यावर झाड थेट नवऱ्यासारखं दिसू लागलं. तसंच गप्प.

तेवढ्यात नवऱ्याचा चुलतभाऊ मोकरान कुंपणाशी आला. गावचा प्रमुख तोच.

"वहिनी, शुक्रवारी सभेत ठराव आहे. तुमचं परस सपाट करून गाड्या लावायला जागा करायची."

"गावात गाड्या किती?"

"दोन. पण वाढतील ना."

"मग मी येते बोलायला."

"घरटी एक पुरुष येतो, हे मी तुम्हाला सांगायचं? ज्या घराची हजेरी नाही त्यानं चौक झाडायचा. तुम्ही तेवढं बघा."

"नऊ वर्षं तेच बघतेय, भावजी. चौकातले दगड आता मला नावानं हाक मारतात."

शुक्रवारी तिनं बारावं झाड मुळासकट उपटलं, सगळ्यांच्या आधी हातगाडीतून नेलं, सभेच्या खोलीतल्या ओट्यावर नवऱ्याच्या जागी टेकवलं आणि स्वतः दाराबाहेर उभी राहिली. थंडी अशी, की सगळ्यांच्याच टोप्या नाकापर्यंत आलेल्या. म्हातारा चिटणीस अक्ली दर बुरनुसामागे वहीत एक रेघ ओढत गेला. तेविसाव्यालाही ओढली. तेविसावा काही बोलला नाही, पण बोलत कोणीच नव्हतं.

"सगळे हजर."

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा," मोकरान म्हणाला. हजर असलेल्यांपैकी एक जरी हात कमी पडला तरी ठराव पडतो, ही पणजोबांपासूनची रीत.

बावीस हात वर झाले.

"हा कोण शहाणा?" मोकराननं त्याची टोपी मागे सारली. आत पानं. "वहिनी! ही भाजी आहे!"

"हजेरी लागलीय तिची."

"अक्ली, खोड ती रेघ!"

"वहीतलं खोडत नाहीत," अक्ली दुखावून म्हणाला. "तुझ्या वडिलांची हजेरी ते गेल्यावर दोनदा लागली होती. तीही नाही खोडली."

"मग या भाजीला विचारा, विरोध का ते!"

"कारण विचारायची रीत नाही, भावजी," फरूजा दारातून म्हणाली.

ठराव पडला.

उपटलेलं झाड पुन्हा लागत नाही. संध्याकाळी तिनं दांडे सोलून रव्याच्या कुसकुसवर घालायच्या रश्श्यात टाकले. अजून कडूच होते. तिनं सगळे खाल्ले.

पुढच्या महिन्यात मोकराननं तोच ठराव पुन्हा आणला. ओट्यावर तोच बुरनूस बसलेला. या वेळी त्यानं आधीच जाऊन टोपी मागे सारली. आत फरूजा.

"ते झाड कुठंय?"

"खाल्लं. त्याच्या जागी मी आलेय."

दोघातिघांनी तोंडं उघडली. पण भाजी चालते आणि बाई चालत नाही, हे म्हणायचं कसं, ते कोणालाच सुचेना. अक्लीनं रेघ ओढली.

बावीस हात वर झाले. फरूजानं आपले दोन्ही बुरनुसात घातले. आत छान ऊब होती.