सुचित्राकाकूंचा करंडा

त्या दुपारी वैभवी स्वतःवर भलतीच खूश होती. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष, आणि इथे आखातात, ऊद मेथाच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदाच मराठी क्लायंट. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी बसून ती सुपरवायझर नबिलाला पाठवायचं आत्मपरीक्षण लिहीत होती. विश्वास छान जमला, संस्कृतीचं भान ठेवलं, मूल्यमापन उत्तम. स्वतःची पाठ थोपटताना बाईसाहेबांचा हात अजिबात दुखत नव्हता.

क्लायंट म्हणजे सुचित्राकाकू. पन्नाशीच्या, मुलगा कॅनडात, नवरा सदा ऑफिसात. पहिल्याच भेटीत त्यांनी 'बाळा' म्हटलं आणि वैभवी विरघळली. जीव द्यावासा वाटतो का, हे प्रत्येक क्लायंटला सरळ शब्दांत विचारायचं, हा नबिलाचा नियम होता. इंग्रजीत वैभवीने तो प्रश्न कितीतरी जणांना न अडखळता विचारला होता. पण आईच्या वयाच्या बाईला मराठीत असलं अभद्र कसं विचारायचं? घरी नुसतं 'मरू दे' म्हटलं तरी आई डोळे वटारायची. तिची जीभच रेटेना. "बाकी सगळं ठीक आहे ना, काकू?" एवढंच तिने विचारलं. "आता ठीकच होणार," काकू हसून म्हणाल्या. वैभवीने 'धोका नाही' अशी नोंद केली.

आज सकाळच्या भेटीत तर काकू अगदी प्रसन्न होत्या. निघताना त्यांनी पर्समधून चांदीचा छोटा करंडा काढून तिच्या हातात ठेवला. क्लायंटकडून भेट घ्यायची नसते हे ठाऊक असूनही तिला त्यांचं मन मोडवेना.

चहा घेऊन आलेल्या आईची, अर्चनाची, नजर टेबलावरच्या करंड्यावर गेली. "हा कुणाचा गं?"

"माय क्लायंट गेव्ह इट. सो स्वीट ना?"

अर्चनाने झाकण उघडलं. आत कुंकू होतं, त्यात बोटाची खूण होती.

"अगं, हा रोजच्या यूजमधला आहे. हजबंड आहेत ना त्यांचे?"

"हो. का?"

"सवाष्ण बाई आपला करंडा असा देऊन टाकत नाही, वैभवी. उद्या कुंकू लावायचंच नसेल तर गोष्ट वेगळी."

मरायचं ठरवलेली माणसं कधीकधी जपलेल्या वस्तू वाटून टाकतात, हे उत्तर लिहून तिने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तिला स्वतःची किळस आली.

"तू त्यांना फोन लाव, मी तुझ्या मॅडमना कॉल करते. यल्ला, चल लवकर!" अर्चना म्हणाली.

बराच वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला. "बोल, बाळा."

"काकू... काकू, तुम्ही जीव देणार आहात का?"

मागे आई नबिलाला करंड्याचं सांगत होती, पत्ता काढा, लगेच कुणालातरी पाठवा म्हणत होती.

"हो," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी विचारायचंस गं. तेव्हा मला कुणालातरी सांगायचं होतं."

"फोन ठेवू नका काकू. मी येतेय. दार उघडून ठेवा, प्लीज."

काकूंनी फोन ठेवला नाही. पण त्या पुढे काही बोलल्याही नाहीत. नबिलाने दिलेल्या पत्त्यावर, करामाला टॅक्सी पोचेपर्यंत वैभवी करंडा मुठीत धरून त्यांचा श्वास ऐकत होती.