मी हललेच नव्हते

मी बोलतेय खरी, पण माझा आवाज म्हणजे नुसती घूं-घूं, त्यातून कुणाला काही कळायचं नाही. मी एक सरकगाडी. बोटाएवढी मोटर, तिला जोडलेली आट्यांची बारीक दांडी आणि दांडीवरून पुढे-मागे सरकणारा इवलासा ठोकळा, एवढाच माझा संसार.

तरुणपण रोह्यातल्या एका फोटो स्टुडिओत गेलं. तिथल्या कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी लग्नांच्या डीव्हीडी काढल्या. पुढे लोक लग्नं मोबाइलवरच बघू लागले आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला समीक्षाने उचललं. ती रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला जाते आणि राहते पेणजवळ जोहे गावात. तिचे वडील कमळाकर गणपती रंगवतात. मूर्तीचे डोळे काढण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नाही, आणि गावात तर घरोघर गणपतीचे कारखाने.

पण हल्ली तो हात लटपटतो, पोटात कळा येतात. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, ही त्यांची जन्माची सवय. समीक्षाला संशय आला पितांबराच्या पिवळ्या रंगाचा. त्यात शिसं असेल तर ते रोज पोटात जातंय. दवाखान्यात चला म्हटलं, तर "मूर्ती गेल्या की बघू," एवढंच उत्तर.

मग तिने घरीच एक यंत्र जुळवलं. हिरवा लेझर रंगावर मारायचा आणि परत येणारा उजेड फोडून बघायचा. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या. एकदा तिला शिशाची रेघ दिसल्यासारखी वाटली, पण हाताने काच जरा सरकली आणि ती जागा पुन्हा सापडेना. म्हणून तिने मला बसवलं. रंगाची काच पाठीवर घेऊन मी केसभर सरकायचं, थांबायचं, लेझरने बघून घ्यायचं, पुन्हा सरकायचं. अख्ख्या तालुक्यात माझ्याएवढी कामाची गाडी नाही, असं मला वाटू लागलं.

तोवर मुलीच्या हट्टापायी वडील ब्रश वाटीतल्या पाण्यात बुडवू लागले होते. "तसं टोक नाय येत गो," अशी कुरकुर चालूच.

घात केला मूर्तींच्या प्लास्टरने. त्या घरात त्याची भुकटी सदा उडते. ती माझ्या आट्यांत शिरली आणि दमट हवेनं घट्ट झाली. तपासणीच्या दिवशी समीक्षाने काच ठेवली, उजेड नको म्हणून यंत्राच्या खोक्याचं झाकण लावलं आणि कॉम्प्युटरवरून हुकूम सोडला. मोटर गुरगुरली. मी जीव खाऊन जोर लावला, पण ठोकळा जागचा हलला नाही. मला सरक म्हणून सांगतात; सरकले का, ते कुणी विचारत नाही. लेझर त्याच ठिपक्यावर पुन्हा पुन्हा पडत राहिला आणि पडद्यावर एकीसारखी दुसरी रेघ उमटत गेली.

वडील दारातच उभे होते. "गावलं का काय?"

"नाय बाबा. सगळीकडं सारखंच हाय. शिसं नाय कुठंच."

"मी सांगत नव्हतो? वय झालं, दुसरं काय नाय."

मी आतून ओरडत होते, एकच जागा बघितलीस गं, बाकीची काच राहिली. बाहेर घूं-घूं गेली. तिने बटण बंद केलं.

मूर्तींना जागा हवी म्हणून खोकं आता माळ्यावर ठेवलंय. काच अजून माझ्या पाठीवरच आहे. उरलेल्या रंगात शिसं आहे की नाही, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, आणि खाली मात्र सगळे निर्धास्त झालेत. परवा समीक्षाच म्हणाली, "बाबा, आता कसं झकास टोक आलं." वडील हसले. ब्रश ओठांत होता, म्हणून हसू अर्धंच ऐकू आलं.

माळ्यावर कुणी चढलंच, तर एवढं करा. झाकण उघडा आणि ठोकळा बोटाने ढकलून बघा. तो हलायचा नाही. तेवढं त्या पोरीला सांगा.