टाकीखालची खिडकी

माणसांच्या खोट्या वंशावळी जग समजूतदारपणे चालवून घेते. मोटारसायकलींच्या खोट्या वंशावळी तोर्किल ब्रोहोल्मने मात्र आयुष्यात कधी चालवून घेतल्या नव्हत्या.

डेन्मार्कच्या फ्यून बेटावर दर दुसऱ्या गोठ्यात एक निंबस मोटारसायकल उभी असते. कधीकाळी ती सैन्याची, टपालखात्याची नाहीतर पोलिसांची होती. सरकारने लिलावात काढली आणि कुणा शेतकऱ्याने उचलली, एवढाच तिचा खरा इतिहास. पण एवढ्यावर मालकाचे भागत नाही. दोन हिवाळे सरतात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मालकाच्या गोष्टीत तीच गाडी युद्धकाळी जर्मनांच्या डोळ्यांत धूळ फेकून भूमिगतांची पत्रे वाहू लागते. भूमिगतांजवळ खरोखर इतक्या मोटारसायकली असत्या तर युद्ध एका शनिवार-रविवारात आटोपले असते, असे तोर्किल म्हणे. ओडेन्सच्या विद्यापीठात इतिहास शिकवत असताना त्याने सरकारी मोटारसायकलींच्या नोकरीचा मागोवा घेणारा जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला ‘हौस’ असे नाव देऊन फळीवर ठेवला. त्या एका शब्दाचा राग तोर्किलने बर्फातल्या मासळीसारखा ताजा राखला होता.

आता निवृत्तीनंतर त्या रागाचे पारणे फिटायची वेळ आली होती. जिल्ह्याचे नवे वाहन-संग्रहालय ऑगस्टमध्ये उघडणार होते. सैन्यदालनाच्या दारातच एका चौथऱ्यावर तोर्किलची हिरवी, साइडकार जोडलेली निंबस उभी राहायची होती आणि शेजारी त्याच्या संशोधनाची पाटी. ओडेन्सचे सगळे जुने सहकारी उद्घाटनाला येणार होते. निमंत्रणे त्याने स्वतः जातीने पोहोचवली होती.

मध्ये फक्त बेटावरच्या निंबसवाल्यांच्या मंडळाचा जूनचा मेळावा होता, आणि मेळाव्यात ‘खिडकी’.

खिडकीची चाल मंडळात तोर्किलनेच पाडली होती. दरसाल बंदरावरच्या खानावळीमागे हिरवळीवर सगळ्यांनी जमायचे, कॉफी प्यायची, आणि सगळ्यांदेखत एका गाडीच्या टाकीखाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, भोकाच्या नाण्याएवढी जागा पाण्याने भिजवून पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायची. रंगाचा एकेक थर निघतो आणि खोडाच्या कापावर दिसतात तशी वर्तुळे उमटतात. बाहेरचे सर्वांत नवे, मधले सर्वांत जुने. मालकाचा दावा खोटा ठरला तर त्याने पुढच्या रविवारी साऱ्या मंडळाला थरांचा केक खाऊ घालायचा. गेल्या साली जो हरला त्याने यंदाची गाडी निवडायची. तोर्किलने आजवर केक पुष्कळ खाल्ला होता. भाजला कधीच नव्हता.

गेल्या साली हरला होता प्रेबेन खाटीक. त्याची ‘भूमिगत’ निंबस युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी जन्मलेली निघाली होती. यंदा त्याने उठून, तोंडातला हेरिंग माशाचा तुकडा सावकाश गिळून, तोर्किलच्या गाडीकडे बोट दाखवले.

“हिची उघडा.”

टाळ्या पडल्या. तोर्किल किंचित हसला.

“प्रेबेन, सूड घ्यायचा तर निदान सुरी धार असलेली घे. हिच्या सांगाड्यावरचा क्रमांक सैन्याच्या लिलावातला आहे. जगात क्रमांक हा एकच साक्षीदार असा, की ज्याला नातेवाईक नसतात.”

“मग भितोस कशाला?” रिग्मोर म्हणाली. ही निवृत्त दंतवैद्य. गावातल्या निम्म्या तोंडांत तिचा हात जाऊन आलेला, म्हणून खिडकी उघडण्याचे काम मंडळाने तिच्याकडेच दिले होते. तिची ‘राजरक्षकांच्या दिमतीतली’ निंबस तोर्किलने पाच मिनिटांत एका मासळीवाल्याच्या दारात नेऊन बांधली होती, आणि हे ती विसरली नव्हती. “बस गाडीशेजारी. तोंड उघडायची गरज नाही, तुझं तर नाहीच.”

ती गवतावर पाठ टेकून टाकीखाली सरकली. संग्रहालयाचा तरुण व्यवस्थापक एस्बेन, पाटीसाठी फोटो काढायला आलेला, कॅमेरा घेऊन तिच्या उशाशी बसला.

“हिरवा,” रिग्मोर आतून म्हणाली. “त्याखाली...” पाण्याचा हबका, घासण्याचा आवाज. मग घासणे थांबले.

“त्याखाली काय?” तोर्किलने विचारले.

“किडलाय रे.”

“रिग्मोर!”

“पिवळा. झक्क टपालखात्याचा पिवळा. त्याखाली अस्तर, त्याखाली पत्रा. तुझी शूर शिपाई पोस्टमन होती, तोर्किल.”

हिरवळीवर असा हशा उसळला की बंदरातले सीगल उडाले. तोर्किल गुडघ्यांवर बसला, डोके आत घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. पिवळा होता. नवीन भाजलेल्या पावावरच्या लोण्यासारखा निर्लज्ज.

“टाकी बदललेली असणार,” तो उठत म्हणाला.

“अस्सं?” प्रेबेनने कप खाली ठेवला. “गेल्या साली मी हेच म्हणालो तेव्हा तू काय म्हणालास? सांग की सगळ्यांना.”

तोर्किलला आठवत होते. ‘टाकी नेहमी दुसऱ्याची असते, लबाडी मात्र स्वतःची,’ असे तो म्हणाला होता, आणि त्या वाक्यावर खूश होऊन रात्री ते लिहूनही ठेवले होते.

एस्बेनने त्याला हळूच बाजूला घेतले. “हे बघ, तोर्किल, एवढं मनावर नको घेऊस. एक टाकीच तर आहे. क्रमांक सैन्याचा, वरचा रंग सैन्याचा. दारात उभी राहिली की लोक वाकून टाकीखाली थोडेच बघणार आहेत? खिडकीवर हिरव्या रंगाचं बोट फिरवू. पाटी छापून तयार आहे.”

बोलणे प्रेमाचे होते. घातच त्यात होता. ज्या थापेशी आयुष्यभर वैर केले, ती आज त्याच्याच नावाची पाटी गळ्यात घालून, अदबीने, कॉफीचा कप हातात घेऊन समोर उभी होती. आणि क्षणभर, हे नोंदवायलाच हवे, ती त्याला फार देखणी वाटली. दारातला चौथरा दिसला. ओडेन्सचे सहकारी गप्प उभे दिसले.

“तुम्ही,” तोर्किल म्हणाला.

दोघातिघांनी कप उचलले. त्या बेटावर पोरापासून पाद्र्यापर्यंत सारे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. तोर्किल ब्रोहोल्म ‘तुम्ही’वर आला की जवळच्या माणसांनी कप उचलून लांब बसावे, अशी रीत होती.

“तुम्ही मला मदत करू पाहता आहात. त्याबद्दल तुमचा आभारी आहे. आता कृपा करून तो कॅमेरा इकडे धरा. रिग्मोर, मागचं मडगार्ड घे.”

“अरे, नियमाने एकच खिडकी...”

“नियम मी केलाय. घास.”

मागच्या मडगार्डाखाली पिवळा निघाला. साइडकारच्या दांड्यावर पिवळा. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर पिवळा. दर वेळी रिग्मोर रंगाचे नाव पुकारी आणि मंडळ एका सुरात “पिवळा!” म्हणून ओरडे, तिसऱ्या खेपेला स्वतः तोर्किलच त्यांच्या आधी ओरडला. शेवटी त्याने सांगाड्यावर, क्रमांकाच्या अगदी शेजारी घासायला लावले. तिथे मात्र तळापर्यंत हिरवा, नुसता हिरवा.

“म्हणजे सांगाडा सैन्याचा आणि बाकी सगळी टपालखात्याची,” एस्बेन गोंधळून म्हणाला. “असं कसं होईल?”

“असंच होतं,” प्रेबेन म्हणाला. “कुणीतरी दोन लिलावांतून दोन मोडक्या आणल्या, एक धड केली, उरलेल्या हिरव्या रंगात रंगवली. पंचवीस वर्षं कारखान्यानं सुटे भाग बदलले नाहीत, कुठलंही कुठंही बसतं. माझ्या बापानं तीनच्या दोन केल्या होत्या. बेटावर कुणी नाही केलं?”

हे तोर्किलला ठाऊक नव्हते असे नाही. ग्रंथात त्याने त्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले होते, दुसऱ्यांच्या गाड्यांविषयी. क्रमांक खोटे बोलला नव्हता. तो फक्त ज्या लोखंडावर ठोकला होता तेवढ्यापुरतेच खरे बोलत होता. बाकीचे तोर्किलने त्याच्या तोंडी घातले होते.

“पाटीवर मग काय लिहायचं?” एस्बेनने विचारले.

“काही नाही. ही गाडी सैन्यदालनात येणार नाही.”

“उद्घाटनाला सात आठवडे राहिलेत रे! चौथऱ्यावर काय ठेवू?”

“रिकामा ठेवा. रिकाम्या चौथऱ्याविषयी आजवर कुणी थाप मारलेली नाही.”

“आणि तुझे ते ओडेन्सवाले?” रिग्मोर गवत झाडत उभी राहिली. आवाजातली धार जरा बोथट झाली होती. “त्यांना काय सांगशील?”

तोर्किलने विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर, शिष्यांना ज्याची धडकी भरे, ते बारीक हसू आले.

“निमंत्रण रद्द करणार नाही. चौथऱ्यासमोर उभं राहून मी त्यांना तासभर सांगणार, मी कसा फसलो ते. पुरावे दाखवून, थरांसकट. त्यांच्यातल्या एकानं तरी हे कधी केलं असेल तर तो केक मी भाजीन.”

“तो केक तसाही तूच भाजणार आहेस,” प्रेबेन म्हणाला. “आणि बाजारचा चालणार नाही. मी चव घेऊन ओळखतो.”

एस्बेन हसू लागला, आणि मग हसता हसता म्हणाला की, तासभराचे हे व्याख्यान तो उद्घाटनाच्या पत्रिकेत घालतो; चौथरा रिकामा राहिला तरी दालन भरेल.

“पण तोर्किल,” रिग्मोर म्हणाली, “दालनात ठेवायची म्हणून उद्या तिचं पेट्रोल आणि तेल काढायला मिस्त्री येणार होता ना?”

“येऊ दे. जुनं काढेल, नवं घालेल.”

आपण किती आनंदाने हे बोललो याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले. त्याने टोपी चढवली, किक मारली. चारही सिलिंडर जागे झाले आणि गाडी भुंग्यासारखी गुणगुणू लागली. खानावळीच्या फाटकापर्यंत तो पोहोचला तोच मागून रिग्मोरचा आवाज आला:

“ए पोस्टमन! माझं काही पत्रबित्र आहे का रे?”

तोर्किलने मान वळवली नाही.

“आज रविवार आहे,” तो ओरडला. “टपाल उद्या!”