वरचा गट

माझी बायको देसांका बसून भाला फेकायची. आम्ही दुनाव नदीकाठच्या अपातिन गावचे. लग्न झालं त्याच वर्षी अक्रोड झोडपायला ती झाडावर चढली आणि फांदीसकट खाली आली. मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. त्याआधी ती हँडबॉलमध्ये गोल अडवायची, त्यामुळे हात दणकट होते. हे टिहोमिरकाकांना ठाऊक होतं. ते जवळच्या सोंबोर शहरात मुलांना भालाफेक शिकवत. दवाखान्यात येऊन त्यांनी तिला विचारलं होतं, "राग येतो ना? मग तो फेकायला शीक."

तेव्हापासून माझं काम ठरलेलं. लोखंडी खुर्ची पट्ट्यांनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधायची, मग तिच्या मांड्या खुर्चीला बांधायच्या. फेकताना बूड जरा जरी उचललं गेलं, तरी लाल झेंडा वर होतो, फेक बाद. "एवढं आवळतोयस," ती म्हणायची, "जशी काही मी पळूनच जाणारेय."

अशी बरीच वर्षं गेली. युरोपच्या स्पर्धेत दोनदा कांस्यपदक आलं. हिवाळ्यात एका रिकाम्या धान्यकोठारात सराव चालायचा. खांदा झिजत गेला. रात्री मी त्यावर राकियात, म्हणजे फळांच्या कडक दारूत, भिजवलेलं फडकं बांधायचो आणि सकाळी त्याच वासात आम्ही कॉफी प्यायचो. ती दमत चालली होती, पण तसं म्हणत नव्हती, आणि मीही विचारत नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात स्पर्धेआधी वर्गवारीची तपासणी झाली; अंगात किती ताकद उरलीय त्यावरून खेळाडूचा गट ठरतो. तीन डॉक्टरांनी तिला कंबर वळवायला लावली, गुडघे एकमेकांवर दाबायला सांगितले. पाठदुखीसाठी ती दोन वर्षं पोहायला जात होती. त्यानं उजव्या मांडीत थोडी ताकद परतली होती. चालता येण्याइतकी नाही, उभं राहण्याइतकीसुद्धा नाही. पण खालच्या गटातून वरच्या गटात टाकण्याइतकी होती. वरच्या गटातल्या बायका कमरेचा जोर लावून फेकतात. तिच्या पदकाच्या फेकी तिथे शेवटून दुसऱ्या आल्या असत्या.

बातमी गावात आमच्याआधी पोचली. शेजारच्या रुझिकानं फोन केला. देसांकाचे पाय सुधारताहेत म्हणून तिनं गल्लीत केक वाटला होता. देसांकानं सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. आम्ही जेवायला बसलो होतो.

"मीठ दे रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतर राहू दे. मी सुधारलेय ना, मीच उठून आणते."

मी मीठ दिलं.

टिहोमिरकाकांना दाद मागायची होती. अर्ज करू, दुसरे डॉक्टर बोलावू, तपासताना जरा कमी जोर लाव, असं ते हळूच म्हणाले. ती त्यांच्यावर चिडली नाही.

"काका, त्यांचं चुकलेलं नाही. मांडी हलते. कूस बदलताना मलाच कळतं. फक्त त्या हलण्याचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही."

स्पर्धा भर उन्हात झाली. निवेदकानं तिचं नाव चुकीचं वाचलं. पहिल्या फेकी आखूड पडल्या. शेवटची मात्र लांब गेली, कित्येक वर्षांत तिनं तेवढी फेकली नव्हती. तरी नंबर शेवटून दुसराच आला. टाळ्या दुसऱ्या कुणासाठी तरी वाजत होत्या.

सावलीत नेऊन मी पट्टे सोडले. मांड्यांवर लाल वळ उठले होते. तिला ते जाणवत नाहीत, म्हणून मीच बघतो.

"चांगली गेली ना?" तिनं विचारलं.

"चांगली गेली."

"मग बास."

मला वाटलं, त्या दिवसापुरतं म्हणतेय.

शरद ऋतूत अंगणात आम्ही लाल ढब्बू मिरच्या भाजून त्यांची चटणी, आयवार, शिजवत होतो, तेव्हा काका हिवाळ्याच्या सरावाचं बोलायला आले. ती चाकाच्या खुर्चीतून पातेलं ढवळत होती. तिनं हातातला डाव थांबवला नाही.

"काका, मी दमलेय. खांदा नव्हे, मीच."

 मी काकांपुढे पाव आणि गरम आयवार ठेवला, तो त्यांनी सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "मीही दमलोय गं. तू आधी म्हणावंस, म्हणून थांबलो होतो."

जाताना लोखंडी खुर्ची आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या गाडीत चढवली. सोंबोरची एक नवी मुलगी आहे, तिला चालेल म्हणाले.

देसांका अजून पोहायला जाते. मांडी आणखी सुधारेल असं डॉक्टर म्हणतात. ती म्हणते, सुधारू दे, पाठ तरी कमी दुखेल. रविवारी ती उशिरापर्यंत झोपते. मी कॉफी करून ठेवतो, ती निवते, मग पुन्हा करतो.