एका फेरीत दोनदा भागलेलं समीकरण

जरा लांबच उभे राहा, कपड्यांना खडू लागेल. मी समीकरण बोलतंय. मधोमध तापवलेली लोखंडी कांब कुठं, केव्हा, किती गरम असेल, हे सांगणं माझं काम.

कारखान्यातल्या आकडेमोडीच्या खोलीत, फळ्यावर, एका ताईच्या हातून माझा जन्म झाला. ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही तिथले इंजिनीअर. मी दिसायला आटोपशीर, पण अंगात बदलाचा वेग मोजणारे तीन-तीन डेरिव्हेटिव्ह. सरळ मार्गानं सुटेन तर शपथ!

"मी हिला पलीकडे नेते, तू परत आण," ताई भावाला म्हणाली. समीकरणाला 'हिला'! पण आम्हाला कोण विचारतो?

पलीकडे म्हणजे फूरियर ट्रान्सफॉर्मच्या गावी. तिथं सगळ्या लाटाच राहतात आणि प्रत्येकीचा संसार अख्ख्या कांबभर पसरलेला. डेरिव्हेटिव्ह तिथं कुणी घेत नाही, नुसता गुणाकार करतात. माझा सगळा किचकटपणा वेशीवरच गळाला. तिथं जी लाट जास्त वळवळते ती आधी थकते. मला ते गाव फार आवडलं. चुटकीसरशी सुटलं मी.

आता त्या वेशीचा एक नियम आहे. जाऊन-येऊन एकदाच २π ने, म्हणजे साधारण सव्वासहानं, भागायचं. जाताना भागा नाहीतर येताना. ताईच्या गुरुजींनी तिला जाताना भागायला शिकवलेलं, भावाच्या गुरुजींनी त्याला येताना. दोघंही शिस्तीचे. दोघांनीही भागलं.

मी घरी परतलं ते सव्वासहा पटीनं वाळून. पंचवीस अंशांच्या खोलीपेक्षा सव्वाशे अंशांनी गरम असलेली कांब मी फक्त वीस अंशांनी गरम सांगत होतं.

"पंचेचाळीस अंश, मिस्त्री. कोमट आहे, लावा हात," भाऊ कागद देत म्हणाला.

मिस्त्री कांबेवरच्या चिरा उघड्या बोटांनी तपासायचा. हातमोज्यातून बारीक चीर कळत नाही म्हणे. तो बोटं पुढं करत निघाला. मी जीव तोडून ओरडलं, पण खडूचा आवाज तो किती! मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

कांबेपाशी मिस्त्री थबकला. सवयीनं त्यानं बाटलीतलं थेंबभर पाणी शिंपडलं. चुर्रर्र!

"ताई," तो दारातूनच म्हणाला, "तुमचं पंचेचाळीस उकळतंय."

"मी भागलं होतं!" ताई.

"मग मी कशाला भागलं?"

"तेच विचारतेय!"

आता फळ्याच्या कोपऱ्यात रंगानं लिहिलंय: 'भागायचं ताईनं.' मिस्त्री तरीही आधी पाणी शिंपडतो. मला त्याचा राग येत नाही.

मला हवं त्या गावी न्या, बाबांनो, पण निघण्याआधी एकमेकांशी बोला. त्या दिवशी माझं चुकलेलं उत्तर मिस्त्रीनंच पुसलं, उघड्या हातानं. तो पुसत होता तेव्हा मी त्याची बोटं मोजली. पाचही होती.