मावशीची पूड

मावशीच्या पुडीवर भाचीचा गाढ विश्वास होता, म्हणून तर तिने ती आपल्या प्रयोगशाळेत तपासायला घेतली. परसातल्या झुडपाचं मूळ वाळवून, कुटून मावशी पूड करायची. गुडघेदुखीला तीच, अपचनालाही तीच.

प्रयोगशाळेतले साहेब हसले, "बघा, उंदरांना तरी गुण येतोय का!"

आला की! पूड खाल्लेले उंदीर गरम पत्र्यावर चटका जाणवतच नसल्यासारखे बराच वेळ निवांत उभे राहिले. तिला आभाळ ठेंगणं झालं. मग पद्धतीप्रमाणे तिने परसातलं मूळ स्वतः खणून, कुटून पुन्हा चाचणी घेतली. या खेपेला उंदरांनी झटकन पाय उचलले. मूळ पचनाला बरं असेल, पण दुखण्यावर शून्य.

तिने मावशीच्या डब्यातली पूड तपासणीच्या यंत्रात घातली. त्यात औषधाच्या दुकानातली वेदनाशामक गोळी निघाली, बारीक कुटलेली.

ती तडक मावशीकडे गेली. मावशीने भाजीत मीठ घातल्यासारखं सांगून टाकलं, "घालते ना. नुसत्या मुळाने कोण परत आलं असतं माझ्याकडे?"

"अगं, त्या गोळीने पोटात जखमा होतात!"

"म्हणून तर मूळ असतं ना सोबत."

भाचीच्या आईचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. आई गेली ती पोटात रक्तस्राव होऊन. शेवटच्या आठवड्यात आई पोट धरून कळवळायची, तेव्हा मावशीच म्हणाली होती, "दुप्पट दे."

आणि नको नको म्हणणाऱ्या आईला या लेकीने रागावून, चमच्याने दुप्पट पूड भरवली होती.