भाऊजी, हूक सोडा!

डॉक्टरीणबाई जिवंत होत्या! त्यांच्या शोधात आम्ही सहा ग्रह पालथे घातले होते, गोठलेल्या समुद्रावरून यान घसरवलं होतं, नारिंगी धुक्यात दोनदा आपटलो होतो. आणि आता त्या कड्यावाल्या ग्रहाजवळ त्यांची कॅप्सूल गरगरत होती, आत दिवा लुकलुकत होता. मी सोफ्यावरून अशी उडाले की पाण्याचा ग्लास लवंडला. पुसायला वेळ कोणाला होता?

हा खेळ म्हणजे पडद्यावरची कादंबरीच, फक्त पान उलटायला यान चालवावं लागतं. आणि जे केलं ते केलं, मागे जाऊन सुधारायची सोय नाही.

यान चालवायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. भाऊजी बांधकामावर क्रेन चालवतात. म्हणजे चालवायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या क्रेनला लटकलेली सळयांची मोळी झोका घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये घुसली. शेड रिकामी होती, कोणाला खरचटलंही नाही. चौकशीत दोष वाऱ्याचा निघाला. पण खालून थांबायची खूण झाली होती आणि आपला हात उशिरा हलला, हे भाऊजींनी मनात घेतलं ते घेतलंच. "माझा हात मंद झालाय, वहिनी. खाली माणूस असता तर?" सोमवारी हजर झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि आज शनिवार. समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, भल्याभल्यांना तोंड उघडायला लावते. या माणसापुढे मात्र मी हात टेकले होते.

घरात दिवसा आवाज करायची बंदी आहे. आमचे हे रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपतात. म्हणून भाऊजी कानांना हेडफोन लावतात आणि मी टीव्हीशेजारी उभी राहून खुणा करते. यानाच्या पोटाखालचा कॅमेरा फक्त माझ्या टॅबवर दिसतो. खुणा त्यांनीच शिकवलेल्या, कामावरच्या. अंगठा वर केला की उचला, खाली केला की सोडा, बोट दाखवलं की तिकडे सरका.

"भाऊजी, हूक सोडा!" मी अंगठा खाली केला. हेडफोनमधून त्यांना काय ऐकू जाणार, कप्पाळ! पण माझं तोंड गप्प बसेना.

यानाचा हूक कॅप्सूलच्या दिशेने खाली निघाला. इंधनाचा काटा लाल झाला होता. खालून एक दगड आला, मी डावीकडे बोट नाचवलं, यान बाजूला झालं. पुन्हा अंगठा खाली. आणखी खाली. कॅप्सूलच्या खिडकीत डॉक्टरीणबाईंचा पंजा दिसला! हूक कडीत शिरला. आता एक हिसका दिला की पक्का बसणार होता.

"लागला!" मी किंचाळले आणि आनंदाने दोन्ही हात पसरले.

यान जागच्या जागी थांबलं.

हूक कडीतून निसटला. कॅप्सूल हळूहळू लांब गेली आणि कड्यांच्या धुळीत दिसेनाशी झाली. इंधन संपलं. पडद्यावर अक्षरं उमटली, डॉक्टरांशी संपर्क तुटला. आतल्या खोलीतून ह्यांनी "काय चाललंय?" म्हणून आवाज चढवला, पण मला कशाचं भान नव्हतं. मी भाऊजींच्या कानावरून हेडफोन ओढला.

"थांबलात काय? हातातोंडाशी आलेली बाई घालवलीत!"

"तुम्ही दोन्ही हात आडवे केलेत."

"मग? आनंद झाला मला!"

"दोन्ही हात आडवे म्हणजे आहे तिथे थांब. रस्त्याने जाणाऱ्याने दाखवले तरी आधी थांबायचं, मग विचारायचं."

"हे मला कधी शिकवलंत?"

"राहिलं," ते म्हणाले. मग त्यांनी कंट्रोलरवरच्या स्वतःच्या अंगठ्यांकडे बघितलं. "वहिनी, हूक लागल्याचं तुमच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं होतं. मी हिसका द्यायलाच निघालो होतो."

"मग द्यायचा ना!"

"पण थांबलो. लगेच थांबलो का हो?"

"लगेच? अहो, माझे हात पुरते पसरलेसुद्धा नव्हते!"

रागाच्या भरात बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. भाऊजी उठले. चेहरा असा फुलला होता की मला डॉक्टरीणबाईंचा विसर पडला. त्यांनी मोबाईल काढला, मुकादमाला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "सोमवारी येतो."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. भाऊजींनी हसत फोन माझ्या हातात दिला. "हाताचं काय म्हणून विचारतोय. तुम्हीच सांगा."

"हात उत्तम आहे," मी म्हटलं. माझे डोळे वाहत होते. "नको तेव्हासुद्धा थांबतो!"